नडगीचे स्ट्रेस फ्रॅक्चर : धावणे पुन्हा केव्हा आणि कसे सुरू करावे?

भरतीची_वाट

नमस्कार. मी २२ वर्षांची आहे आणि गेल्या जूनपासून पोलीस भरतीची तयारी करते आहे. त्याआधी घरच्या शेतातली कामे अंगवळणी पडलेली होती, परंतु धावण्याचा सराव मुळीच नव्हता. अकादमीत दाखल झाले त्या पहिल्या आठवड्यापासून पहाटे डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर आणि संध्याकाळी मैदानावर ८०० मीटरच्या चार-पाच फेऱ्या, आठवड्याचे सहा दिवस, असा क्रम होता. चौथ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. आमच्याकडे याला सरसकट ‘शिन पेन’ म्हणतात आणि ते प्रत्येकालाच होते, धावता धावता जाते, असे सगळे सांगतात. म्हणून मीही स्प्रे मारून आणि क्रेप बँडेज बांधून आणखी तीन आठवडे धावले. पुढे चालतानाही दुखू लागले आणि रात्री कूस बदलताना ठणका जाणवू लागला, तेव्हा एक्स-रे काढला. त्यात काहीच दिसले नाही, त्यामुळे मी पुन्हा दहा दिवस धावले. अखेर एमआरआय केला, त्यात डाव्या टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या खालच्या भागात, आतल्या-मागच्या कडेला ‘ग्रेड ३ स्ट्रेस इन्ज्युरी’ (वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला झालेली इजा) असे निदान आले.

डॉक्टरांनी किमान सहा आठवडे धावणे पूर्ण बंद करायला सांगितले असून त्यातले दोन आठवडे झाले आहेत. तालुक्याच्या फिजिओथेरपी केंद्रात दहा दिवस रोज करंटचा आणि अल्ट्रासाउंडचा शेक घेतला, पण व्यायाम एकही दिलेला नाही. आता चालताना दुखत नाही, जिने उतरताना मात्र किंचित जाणवते. मैदानी चाचणी साधारण साडेतीन महिन्यांनी होईल असे धरून चालले आहे. सहा आठवडे संपले की थेट धावायला सुरुवात करता येईल का? मशीनचा शेक पुढे चालू ठेवावा का? आणि चाचणीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन धावले तर चालेल का? घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे हा हंगाम वाया जाऊ द्यायचा नाही.

फिजिओ_कोल्हापूर

तुमच्या अहवालातली ‘आतल्या-मागच्या कडेला’ ही नोंद तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आणि दिलासा देणारी आहे. धावताना नडगीचे हाड किंचित वाकते. त्या वेळी मागच्या बाजूवर दाब पडतो आणि समोरची बाजू ताणली जाते. दाबाच्या बाजूची इजा बहुधा विश्रांती आणि योग्य व्यायामाने भरून येते. हीच इजा समोरच्या कडेला असती तर मी तुम्हाला येथे काही सांगत बसलो नसतो. तिथली चीर महिनोन्‌महिने सांधत नाही आणि कधीकधी हाडात सळई घालावी लागते.

चौथ्या आठवड्यातच का दुखू लागले, याचे कारण हाडाच्या दुरुस्तीच्या पद्धतीत आहे. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर ते अधिक मजबूत करायला घेते, परंतु त्यासाठी आधी जुने, झिजलेले हाड कोरून काढावे लागते. हे कोरण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत होते, तर त्या पोकळीत नवे हाड भरून ते कठीण होण्याला सुमारे तीन महिने लागतात. जुन्या वाड्याची भिंत उतरवली आहे आणि नवी अजून उभी राहिलेली नाही, असा हा काळ असतो. नेमक्या त्याच काळात तुम्ही रोज सहा किलोमीटर डांबर तुडवत होता. शेतातल्या कामाने स्नायू तयार होतात, परंतु धावताना पावलागणिक बसणाऱ्या धक्क्याची सवय हाडाला त्यातून होत नाही.

एक्स-रेबद्दलही स्पष्ट सांगतो, कारण हा धागा वाचणाऱ्या इतर मुला-मुलींची हीच फसगत होते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुतेक वेळा निर्दोष येतो. चीर दिसण्याऐवजी ती सांधण्याच्या खुणाच नंतर दिसू लागतात. म्हणून एक्स-रेपेक्षा बोटावर अधिक विश्वास ठेवावा. नडगीच्या आतल्या कडेवर वरून खाली बोट दाबत न्यावे. टीचभर लांबीवर सगळीकडे सारखे दुखत असेल, तर ते बहुधा तुमच्या अकादमीतले ‘शिन पेन’ असते. एक रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे.

आता मशीनचे. करंटने वेदना तात्पुरती कमी वाटते, यापलीकडे हाडासाठी त्याचा काही उपयोग नाही. अल्ट्रासाउंडने हाड लवकर सांधते का, याची अमेरिकेच्या नौदल अकादमीतील प्रशिक्षणार्थींवर चाचणी झाली होती आणि ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यात हाडासाठी खास बनवलेले सौम्य तीव्रतेचे यंत्र वापरूनही नडगीची इजा बरी होण्याच्या कालावधीत फरक पडला नाही. आपल्याकडच्या केंद्रांतले नेहमीचे यंत्र तर त्या कामाचेही नसते. माझ्याच व्यवसायाबद्दल हे लिहिताना संकोच वाटतो, पण ज्या उपचारात रुग्ण दहा दिवस नुसता पालथा पडून राहतो, त्याला या दुखण्यात मी फिजिओथेरपी म्हणणार नाही. ते पैसे दूध-अंड्यांवर खर्च करा.

सध्याच्या टप्प्यात नियम एकच आहे: दुखऱ्या जागी शून्य वेदना. स्नायूबंधाच्या दुखण्यात आम्ही थोडी वेदना सोसून व्यायाम करायला सांगतो, हाडाच्या बाबतीत तशी सवलत नाही. व्यायाम करताना, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशा तिन्ही वेळी त्या नाण्याएवढ्या जागेने तक्रार करता कामा नये. पोटरी भरून आली, मांडी आंबली, तर ते चालेल. जिने उतरताना अजून जाणवते, याचा अर्थ तुमचे रोजचे चालणे थोडे कमी व्हायला हवे. बाजारहाट, कॉलेज, देवळाच्या पायऱ्या हे सगळे त्यात मोजा.

आजपासून सुरू करण्यासारखे मात्र बरेच आहे. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, आणि खुर्चीवर बसून गुडघ्यांवर वजन ठेवून टाचा उचलणे. हा शेवटचा व्यायाम किरकोळ वाटतो, पण पोटरीतला जो खोलवरचा स्नायू धावताना नडगीचे वाकणे आवरून धरतो, तो गुडघा वाकलेला असतानाच नीट कामाला लागतो. सुरुवातीला पाच-सात किलोंचे धान्याचे पोते पुरे. दम टिकवण्यासाठी सायकल चालवावी किंवा पोहावे. गावात विहीर असेल तर अवश्य पोहा, मात्र पायऱ्यांनी उतरा. काठावरून उडी नको.

गोळीबद्दल माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. वेदना हा तुमच्याकडचा एकमेव इशारा आहे आणि गोळी नेमका तोच बंद करते.

रानवाट

वरील सल्ला शास्त्रीय असेलही, परंतु आमच्या भागातल्या हाडवैद्याकडे दूरदूरहून लोक येतात. माझ्या चुलतभावाच्या नडगीला त्यांनी पंधरा दिवस तेल चोळून पट्टी बांधली आणि तो पुढच्याच महिन्यात धावू लागला. एकदा दाखवायला काय हरकत आहे?

फिजिओ_कोल्हापूर

रानवाट, आपल्या चुलतभावाला बरे वाटले यात मला शंका नाही. पंधरा दिवस पट्टी बांधलेली असताना तो धावला नाही, हा त्यातला खरा उपचार असावा. पोटरीच्या मांसल भागाला हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही. दुखऱ्या हाडावर अंगठ्याने जोर देऊन चोळणे मात्र टाळलेच पाहिजे, कारण तिथे नुकतीच भरू लागलेली कोवळी ऊती असते.

पहाटेचा_धावक

मूळ प्रश्न नडगीचा आहे, तरीही माझा अनुभव लिहितो, कारण त्या वेळी मला हे सांगणारे कोणी नव्हते. मी ३८ वर्षांचा असताना पहिल्या पूर्ण मॅरेथॉनची तयारी करत होतो. शेवटच्या दोन महिन्यांत अंतर झपाट्याने वाढवले आणि उजव्या जांघेत खोलवर दुखू लागले. लचक भरली असेल असे समजून मी ताणाचे व्यायाम करत राहिलो. जांघेतले दुखणे म्हणजे स्नायूचेच, असे मला वाटत होते आणि ज्यांना दाखवले त्यांनाही तसेच वाटले. एका पायावर उभे राहून पँट चढवता येईना, तेव्हा एमआरआय केला, तर खुब्याच्या हाडाच्या मानेला वरच्या बाजूने चीर गेलेली होती. त्याच संध्याकाळी मला कुबड्या देऊन पाय टेकवायलाही मनाई केली आणि दुसऱ्या दिवशी तीन स्क्रू बसवले. ती चीर पूर्ण तुटून सरकली असती, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच गेला असता, असे शस्त्रक्रियेनंतर समजले.

मला पुन्हा सलग पाच किलोमीटर धावायला नऊ महिने लागले. त्यातला सर्वांत कठीण काळ वेदनेचा नव्हता, तर वेदना थांबल्यानंतरचा होता. काहीही दुखत नसताना एक मिनिट धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे, आणि शेजारून आजोबा पुढे निघून जायचे, याला वेगळाच धीर लागतो. भरतीची_वाट, तुमची जागा सुदैवाने कमी धोक्याची आहे, परंतु सरावाला लागल्यावर जांघेत, पावलाच्या वरच्या उंचवट्यावर किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला नवे दुखणे सुरू झाले, तर एक दिवसही अंगावर काढू नका.

अस्थिरंग

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. उपचारांबद्दल वर नेमके लिहिले गेले आहे, त्यामुळे मी फक्त राहून गेलेल्या बाजूबद्दल लिहितो.

हे दुखणे मुळात सैनिकांचे म्हणून ओळखले गेले. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने १८५५ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ४० वर्षे आधी, संचलनानंतर सुजणाऱ्या सैनिकांच्या पावलांचे वर्णन करून ठेवले होते. लष्करी प्रशिक्षणातल्या अनुभवातून एक गोष्ट वारंवार दिसते: तोच सराव, तेच बूट आणि तेच मैदान असूनही काहींचीच हाडे हार मानतात, आणि त्यांत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. त्यामुळे केवळ भार किती पडला एवढे विचारून भागत नाही. तो पेलण्यासाठी हाडाला पुरेसे मिळत होते का, हेही विचारावे लागते.

म्हणून तुम्हाला तीन प्रश्न विचारतो. येथे उत्तर द्यायला संकोच वाटत असेल तर आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगा. अकादमीत दाखल झाल्यापासून वजन किती उतरले? पाळी नियमित येते का? आणि पहाटेच्या सरावाआधी व नंतर तुम्ही नेमके काय खाता?

भरतीची_वाट

सर्वांचे मनापासून आभार. संकोच वाटतो, पण इतर मुलींनाही उपयोग होईल म्हणून लिहिते. तीन महिन्यांत वजन ५२ वरून ४६ किलोवर आले आहे आणि सगळ्यांनी त्याचे कौतुकच केले. पाळी तीन महिने आलेली नाही. जास्त सराव केला की असे होते, असे मैत्रिणी म्हणाल्या. पहाटे उपाशीपोटीच धावतो, परत आल्यावर चहा आणि बिस्किटे, मग थेट अकरा वाजता मेसचे जेवण, त्यात डाळ-भात, एक भाजी आणि दोन पोळ्या असतात. दूध घेत नाही. सोमवार आणि गुरुवार असे दोन उपास असतात. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व १४ आले होते, पण त्याबद्दल कोणी काही बोलले नाही.

अस्थिरंग

इतके मोकळेपणाने लिहिलेत, हे फार चांगले झाले. माझ्या मते तुमच्या दुखण्याचे अर्धे उत्तर या परिच्छेदात आहे.

सरावात जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी पोटात गेली नाही, तर शरीर काटकसर सुरू करते आणि तातडीची नसलेली कामे थांबवते. पाळी थांबणे हे त्या काटकसरीचे दिसणारे लक्षण आहे. इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडाची भरणी मंदावते, ते मात्र दिसत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या संपूर्ण अवस्थेला एक स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. मैत्रिणी म्हणतात तसे ‘होते’ हे खरे आहे, पण ते चालवून घेण्यासारखे नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. थायरॉइड आणि इतर कारणे तपासून बाजूला काढावी लागतात. केवळ पाळी आणण्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करण्याचा सल्ला मिळाला, तर मूळ कारणाबद्दल पुन्हा विचारा. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि सगळे सुरळीत झाल्याचा भास होतो, परंतु उपाशी शरीराच्या हाडांना त्यातून संरक्षण मिळत नाही.

ड जीवनसत्त्व १४ म्हणजे स्पष्ट कमतरता आहे. दिवसभर उन्हात राबणाऱ्यांतही ती आढळते, त्यामुळे आश्चर्य वाटू देऊ नका. डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या आणि नेमाने घ्या. औषधाच्या दुकानातून एकदम सहा लाख युनिटांचे इंजेक्शन परस्पर घेऊ नका. कॅल्शियमची प्रौढांची रोजची गरज आपल्याकडच्या शिफारशीनुसार १००० मिलिग्रॅम आहे. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या तरुणींवरचा एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिले गेले, त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी भरले. म्हणून तुम्हीही तितक्या गोळ्या घ्याव्यात असे मी म्हणत नाही. त्यांतले बरेचसे ताटातून मिळू शकते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी, दोन पेले दूध किंवा दही, आणि तिळाची चटणी एवढ्यानेच बरीच मजल गाठता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहाटे उपाशी बाहेर पडू नका. एक केळे किंवा गूळ-शेंगदाणे खाऊन निघा आणि परतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर न्याहरी करा. उपासांबद्दल मी आग्रह धरणार नाही, परंतु हाड भरेपर्यंत देव रागावणार नाही असे वाटते. हे हाड भरत असताना तुमचे वजन वाढले, तर ते मी चांगले लक्षण समजेन.

फिजिओ_कोल्हापूर

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मी आधी विचारायला हवे होते. त्या उत्तरांमुळे माझा अंदाज थोडा बदलतो. ग्रेड ३ साठी सर्वसाधारणपणे सहा ते नऊ आठवडे धावणे बंद ठेवतात. तुमच्या बाबतीत सहा नव्हे, नऊ आठवडे धरून चाला. आधीचे दोन वजा केले तर अजून सात उरतात, आणि पुढे परतीच्या सरावाला सात-आठ आठवडे मिळतात. गणित जुळते, पण अगदी काठावर जुळते, आणि मधे एकदा जरी घाई केली तरी मोडते.

कॅलेंडरपेक्षा पायाला विचारून पुढे जायचे आहे. पुढच्या काही आठवड्यांत उभ्याने दोन्ही टाचा उचलण्यापासून सुरुवात करून एका पायावर सलग २५ वेळा टाच उचलता येईपर्यंत पोहोचा. उजवा पाय जेवढे करतो तेवढे डाव्याने केले पाहिजे. त्यानंतर जागच्या जागी छोट्या उड्या, आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर. त्या एका दमात शंभर मारण्यापेक्षा सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मारल्या तर हाडाला अधिक फायदा होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असे दिसले आहे की काही डझन धक्क्यांनंतर हाडातल्या पेशी जणू बहिऱ्या होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतरच त्यांना पुन्हा ऐकू येते.

दाबल्यावर ती जागा दुखत नाही, पाऊण तास झपाझप चालल्यावर दुखत नाही आणि एका पायावर उड्या मारताना दुखत नाही, ही तिन्ही उत्तरे मिळाली की धावणे सुरू करावे. एक मिनिट संथ धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे सात-आठ वेळा, तेही एक दिवसाआड. आधी मिनिटे वाढवावीत आणि वेग सर्वांत शेवटी. सलग २५ ते ३० मिनिटे आरामात धावता येईपर्यंत घड्याळ लावून ८०० मीटर मारायचे नाही, कारण वेग वाढला की प्रत्येक पावलामागे नडगीवरचा भारही वाढतो. पावले थोडी आखूड आणि थोडी जलद टाका. मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी धक्का कमी होतो. डांबर सोडून मातीच्या सपाट मैदानावर धावा आणि स्पाइकचे बूट शेवटच्या दोन आठवड्यांसाठी ठेवा.

शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी गोळाफेकीचे १५ गुण या काळात तुमच्या हातात आहेत. सध्या स्टुलावर बसून फेकण्याचा सराव करा आणि टाचा उचलण्याचा टप्पा पार झाला की उभ्याने करा.

भरतीची_वाट

आज सकाळी धान्याचे पोते मांडीवर घेऊन टाचा उचलायला सुरुवात केली आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची शनिवारची वेळ घेतली आहे. शेवटची एक शंका आहे: धावायला सुरुवात करण्याआधी पुन्हा एमआरआय करावा लागेल का? मागच्या वेळी सात हजार रुपये गेले.

अस्थिरंग

नडगीच्या या जागेसाठी बहुधा लागत नाही. हाड पुरेसे भरल्यानंतरही एमआरआयमधली सूज काही काळ दिसत राहते आणि उगाच घाबरवते. वर दिलेल्या तीन चाचण्या आणि तुमच्या डॉक्टरांची तपासणी पुरेशी आहे. धावणे सुरू केल्यावर त्याच जागी पुन्हा दुखले, तर मात्र एक आठवडा थांबून आधीच्या टप्प्यावर परत या, आणि तरीही न थांबल्यास एमआरआयचा विचार करू.